गेटवर नको, पाळण्यावर तिकीट घ्या

मा. संपादक, स.न.

सुट्ट्या लागल्या की तुमच्या पुरवणीत रिसॉर्ट आणि वॉटर पार्कच्या पानभर जाहिराती येतात, त्या बघून हे लिहायला घेतलंय. लांबलं तर काटछाट करा, पण आजी-आजोबांच्या तिकिटाचा मुद्दा तेवढा ठेवा.

मागच्या मे महिन्यात नातवंडं आली होती म्हणून आम्ही सगळे नाशिकजवळच्या एका पार्कला गेलो, नाव घेत नाही. गेटवर माणशी तिकीट. मी म्हटलं, अहो आमच्या हिचे दोन्ही गुडघे गेलेत, ही कशातच बसणार नाही, नुसती सावलीत बसून पोरांचे कपडे सांभाळणार. तर म्हणे काका, एंट्री म्हणजे एंट्री. दिले पैसे. वर पिशवी उघडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर काढून ठेवायला लावली, आत फूड कोर्ट आहे म्हणून. ही दिवसभर टिनाच्या शेडखाली माणशी हजाराच्या खुर्चीवर बसून होती (हिशोब तिचाच).

आता दुसरी गोष्ट. यंदा लेकाकडे न्यू जर्सीला गेलो होतो, तिथून अडीच-तीन तासांवर पेनसिल्व्हेनियात एलिसबर्ग गावाजवळ कनोबल्स नावाचं जुनं पार्क आहे, तिथे तीन दिवस तंबू ठोकून राहिलो. स्पेलिंग बघून मी नोबल्स म्हणायला गेलो तर नात म्हणाली, आजोबा, क म्हणायचा असतो. 1926 साली एका कुटुंबाने पोहायचा तलाव काढला तिथून हे सुरू झालं, अजून त्याच घराण्याकडे आहे. आणि गंमत अशी की याला गेटच नाही! पार्किंग फुकट, आत जायला फुकट, ज्या पाळण्यात बसाल त्याचंच तिकीट. घरचं खाणं चालतं, लोक डबेच्या डबे घेऊन झाडाखालच्या बाकांवर बसलेले. ही पहिल्या दिवशी तीनदा विचारून आली, नक्की पैसे नाही ना द्यायचे. मग जी ऐसपैस बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. तिथे पिरोगी म्हणून एक मिळतं, दिसायला करंजी आणि आत बटाटा, पण अगदीच अळणी हो, हिने पर्समधून काळ्या मसाल्याची पुडी काढली तेव्हा कुठे घशाखाली उतरलं.

तिथला लाकडी रोलर कोस्टर आहे फिनिक्स, तो मुळात 1947 चा, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या एका पार्कातला. ते पार्क 1980 मध्ये बंद पडलं तेव्हा या लोकांनी त्याची फळी न् फळी नंबर टाकून सोडवली, इकडे आणली आणि 1985 ला परत उभा केला. आपल्याकडे जुना वाडा पाडला की तुळया सरपणाला जातात. मी त्यात बसलो, वय 66, आधी अंधारा बोगदा आणि मग अशा उड्या की बूड सीटला टेकेना, उतरल्यावर ही म्हणाली कवळी आहे ना जागेवर.

पण मला खरं आवडलं ते घोड्यांचं चक्र. 1913 चं, 63 लाकडी घोडे, सगळे हाताने कोरलेले. बाहेरच्या रांगेतल्या घोड्यावर बसायचं, आणि चक्र फिरताना बाजूला एक दांडी येते तिच्यातून जाता जाता एक कडी ओढून घ्यायची. एखादीच पितळेची असते, ती हाती लागली की पुढची फेरी फुकट. नातू नुसता लोंबकळत होता, हात पुरेना, मी मागच्या घोड्यावरून दर फेरीला ओढायचो आणि साधीच निघायची. सात फेऱ्या, सात साध्या कड्या. शेजारच्या घोड्यावर एक माझ्याच वयाच्या बाई होत्या, त्यांना पितळी मिळाली तर त्यांनी ती सरळ आमच्या नातवाच्या हातात दिली.

रात्री तंबूसमोर शेकोटी, पार्क शेजारीच, तरी दहानंतर चिडीचूप, बाजूच्या ओढ्याचा आवाज तेवढा यायचा. हा ओढा साधा नाही बरं, 1972 आणि 2011 ला त्याने बरंचसं पार्क पाण्यात घातलं होतं, गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघत वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. चिखल काढून परत सुरू केलंच त्यांनी. तंबूत पडल्या पडल्या मला भंडारदऱ्याचं कॅम्पिंग आठवलं, काजवे बघायला म्हणून गेलो होतो आणि रात्री साडेबारापर्यंत डीजे.

तर सांगायचं एवढंच की हे काही अमेरिकेचं नवल नाही हो. आपल्या नाशिकच्या कालिकामातेच्या यात्रेत आपण लहानपणापासून हेच केलंय ना? नवरात्रात आत शिरताना कुणी तिकीट विचारत नाही, पाळण्यात बसायचं त्याने पाळण्याचे द्यायचे, आजी रेवड्या घेऊन कट्ट्यावर बसते तिचं कुणी काही घेत नाही. त्यांनी त्यांची जत्रा एका जागी बांधून ठेवली आणि तिची निगा राखली, आपण ती दहा दिवसांत गुंडाळतो आणि बाकी वर्षभर गेटवाल्यांच्या हवाली होतो. पार्कवाल्यांनी निदान साठीच्या वरच्या, नुसत्या बसणाऱ्या माणसांचं तिकीट तरी सोडावं. आणि शहरात कुठेतरी झाडांची जागा बघून या पाळणेवाल्यांना कायमचं बसवावं, तपासणी कडक ठेवा, भाडं घ्या, पण गेट नको.

नातवंडं आता डिसेंबरात येतायत. आपल्याकडे पण असं आहे, असं मी त्यांना तिकडे छातीठोकपणे सांगून बसलोय आणि यात्रा तर तेव्हा कधीच उठलेली असणार. नाशिक परिसरात त्या दिवसांत कुठे आकाशपाळणा लागत असेल तर वाचकांनी याच सदरात कळवावं, तंबू आमचा आम्ही आणू.

– एक आजोबा, इंदिरानगर, नाशिक