छात्रसेनेच्या आमच्या सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

पुढच्या महिन्यात मी ग्वाल्हेरच्या अकादमीत राष्ट्रीय छात्रसेनेच्या सहयोगी अधिकारीपदाच्या, म्हणजे महाविद्यालयातील तुकडी सांभाळणाऱ्या प्राध्यापकाच्या पदाच्या, प्रशिक्षणासाठी जात आहे. आपण ज्या प्रशिक्षणासाठी कामठीला गेला होतात, तेच प्रशिक्षण महिला अधिकाऱ्यांसाठी ग्वाल्हेरला होते. जाण्यापूर्वी आपले आभार चारचौघांत मानावेत, असे मनापासून वाटले.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात मी कॅडेट होते, तेव्हा दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरात पॉइंट टू-टू रायफलच्या माझ्या पाचही गोळ्या लक्ष्यफलकावर कुठेही विखुरल्या होत्या. मला डावा डोळा एकटा मिटता येत नसे आणि दोन्ही डोळे उघडे ठेवले की नेम सरकत असे. हे मी संकोचाने कोणालाच सांगितले नव्हते. आपण भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. फलक पाहून न रागावता आपण मला दोन्ही पंजांची त्रिकोणी खिडकी करून तिच्यातून ध्वजस्तंभ पाहायला लावला, एकेक डोळा हाताने झाकून दाखवला आणि माझा डावा डोळा उजव्यापेक्षा प्रबळ असल्याचे समजावून दिले. मग उस्तादांच्या, म्हणजे लष्करी प्रशिक्षकांच्या, परवानगीने माझाच रुमाल माझ्या डाव्या डोळ्यावर बांधलात. पुढच्या पाच गोळ्या आमटीच्या वाटीत मावतील एवढ्या जागेत लागल्या.

1962च्या युद्धानंतर, 1963 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची झाली आणि 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली, हा इतिहास आपण आम्हाला सांगत असा, तेव्हा स्वेच्छेने आलेल्या मुलाचा वेळ वाया घालवण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे आवर्जून म्हणत असा. म्हणूनच रविवारी पहाटे ‘सावधान’चा पुकार होण्याआधी आपण मैदानावर हजर असायचात, परेडनंतर नाश्ता सर्वांना मिळाला की नाही हे पाहायचात आणि छात्रसेनेच्या ‘सी’ प्रमाणपत्राच्या परीक्षेपूर्वी आपले तास संपल्यावर प्रयोगशाळेच्या टेबलावर नकाशा पसरून होकायंत्राने दिशा काढायला शिकवायचात. 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने छात्रसेना हा श्रेयांक (क्रेडिट) मिळवून देणारा ऐच्छिक विषय करण्याचे विद्यापीठांना सुचवले, याचा मला आनंदच आहे. परंतु विद्यार्थ्याला श्रेयांक मिळत असताना त्याला घडवणाऱ्या प्राध्यापकाच्या या तासांची पुरेशी दखल घेतली जात नाही, हे मला खटकते.

मी सैन्यात गेले नाही, प्राध्यापक झाले. प्रात्यक्षिकात एखादी विद्यार्थिनी पुन्हा पुन्हा चुकू लागली, की ती नेमकी कोठे अडते आहे हे मी तिच्या शेजारी उभी राहून पाहते. ही सवय आपलीच.

ग्वाल्हेरहून परतल्यावर आमच्या तुकडीच्या पहिल्या परेडला आपण यावे, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी
(माजी सार्जंट)