ल्योंहून पत्र: विणकरांच्या टेकडीवरचं जेवण

क्रुआ-रूस, ल्यों, फ्रान्स
रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सकाळी फोनवर मोठीच्या वाढदिवसाचं नीट सांगणं झालंच नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

काल रात्री आम्ही चौघं गल्लीच्या टोकाला असलेल्या बिस्ट्रोत जेवायला गेलो. इथल्या पद्धतीचं जेवण मिळणाऱ्या अशा जागेला ल्योंमध्ये बूशाँ म्हणतात. टेबलं मोजकीच, त्यांवर लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, आणि त्या दिवशीचे पदार्थ पाटीवर खडूने लिहिलेले. आत शिरलं की आधी सगळ्यांना ‘बाँस्वार’ म्हणायचं, मगच बसायचं. धाकट्याने ते इतकं खणखणीत म्हटलं की मालकीणबाई गल्ल्यावरून उठून त्याच्याशी हात मिळवायला आल्या.

बाबा, आमची ही टेकडी रेशीम विणकरांची. तुम्ही उभी हयात ज्या जकार्डवर चादरी काढल्यात, तो या शहरातला. जोसेफ मारी जकार्ड 1752 साली ल्योंमध्येच जन्मला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उठवायचं त्याचं यंत्र 1804 च्या सुमाराचं. वरच्या चौकात त्याचा पुतळा आहे. इथल्या जुन्या घरांची छतं जवळजवळ चार मीटर उंच आहेत, कारण घरातच माग बसवायचा असे. आमचंही घर तसंच आहे. घर बघायला आलो तेव्हा मी वर पाहिलं आणि आपला सोलापूरचा कारखाना आठवला. 1831 मध्ये या विणकरांनी मजुरीच्या दरासाठी मोठा उठाव केला होता. दराची ती भांडणं तुम्हाला वेगळी सांगायला नकोत.

त्या विणकरांच्या नावाचा एक पदार्थ प्रत्येक बूशाँमध्ये मिळतो, तो आम्ही आधी मागवला. आपल्या चक्क्यासारखं मऊ ताजं चीज, त्यात बारीक चिरलेला छोटा कांदा, हिरवा पाला, व्हिनेगर, ऑलिव्हचं तेल, मीठ-मिरी. पावाला लावून खायचं. बाबा, कष्टकऱ्यांचं हे खाणं इथे मानाने वाढतात, ते बघून मला फार बरं वाटलं.

मग केनेल आलं. पाइक नावाच्या नदीतल्या माशाचं मांस अंडं, लोणी आणि पिठात घोटून त्याचे लांबट गोळे करतात आणि गोड्या पाण्यातल्या झिंग्यांच्या सॉसमध्ये भट्टीत भाजतात. लांबट भांड्यात ते टम्म फुगून आलं होतं. कडेचा केशरी सॉस रटरटत होता, वरची साय करपून तपकिरी झाली होती. चमचा लावला की वाफ सोडत हळूहळू बसतं, म्हणून गरम असतानाच खायचं. तुमच्या जावयांनी आतड्यांचा पदार्थ घेतला; आपल्याकडे वजडी खाणाऱ्याला त्याचं काहीच वाटायचं नाही. शेवटी बदामाच्या गुलाबी प्रालीनचा टार्ट. मोठीने त्यावरच मेणबत्ती लावली आणि शेजारच्या टेबलावरची माणसंही गाण्यात सामील झाली.

आई, तू डबे करून आम्हाला शिकवलंस, म्हणून हे खास तुझ्यासाठी. या शहराच्या जेवणाचं नाव बायकांनी मोठं केलं. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या कितीतरी जणींनी पुढे स्वतःच्या खाणावळी काढल्या. त्यांतल्या युजेनी ब्राझिए लहानपणी शेतावर राबलेल्या. 1933 मध्ये रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या मिशलँ गाइड या पुस्तकाने त्यांच्या दोन्ही रेस्टॉरंटना तीन-तीन तारे दिले. तुझ्या हाताला असं कुणी कधी काही दिलं नाही, याची मला काल जेवताना फार रुखरुख लागली.

पाव आणि साधं पाणी यांचे वेगळे पैसे नाहीत, वाढपाचा आकारही बिलातच धरलेला असतो. शिवाय ‘उठा आता’ असं कुणी सुचवत नाही. आम्ही अकरापर्यंत निवांत बोलत बसलो होतो. मुलांशी एवढा वेळ सलग बोलणं एरवी होत नाही.

आता तुम्ही मे महिन्यात याच. जवळच विणकरांचं घर म्हणून संग्रहालय आहे, तिथे जुने माग चालवून दाखवतात. बाबा, मुलांना तो माग तुम्हीच समजावून सांगायचा आहे, मी त्यांना तसं सांगून ठेवलंय. आईचा पासपोर्ट संपत आलाय, तेवढं काम या आठवड्यात उरका. आणि येताना शेंगाचटणी जास्त आणा, मालकीणबाईंना द्यायची आहे.

तुमची,
छोटी