समितीवर नाव सुचवण्याआधी

चि. सौ. वैशालीस,
नानांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. तू नवी नगरसेविका, गटनेते म्हणतात की स्वीकृत नगरसेवकासाठी एक नाव सुचवा, आणि तुम्हाला स्वतःला कोणती विषय समिती हवी तेही कळवा. तू म्हणालीस, "नाना, तुम्ही सांगाल ते." मी सांगेन ते नको, तुला पटेल ते कर. पण पटवून घेण्याआधी मला जे माहीत आहे ते सगळं तुझ्यासमोर असावं, म्हणून हे लांब पत्र लिहितो आहे. माझी सारी नोकरी नगरपरिषदेच्या सामान्य विभागात, सभेचा अजेंडा काढण्यात आणि इतिवृत्त लिहिण्यात गेली. कोणत्या समितीवर कोण बसलं आणि त्यातून गावाला काय मिळालं, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

आधी स्वीकृताचं. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ही जागा आली. संविधानाचं कलम २४३-आर सांगतं की नगरपालिका प्रशासनाचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या माणसांना सभागृहात घेता येईल, पण त्यांना मताचा अधिकार नसेल. आपल्याकडे नगरपरिषदेत निवडून आलेल्यांच्या दहा टक्के किंवा पाच, यांत जो आकडा कमी असेल तेवढे स्वीकृत घेतात, आणि संख्याबळाप्रमाणे ते गटांना वाटून येतात. आता यातली खरी गोष्ट बघ. स्वीकृत सदस्याला हात वर करता येत नाही. त्याला फक्त बोलता येतं. सभागृहाला जे कळत नाही ते समजावून सांगण्यासाठीच त्याला तिथे बसवलेलं असतं. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्याला घेतलं तर ती जागा रिकामीच राहिली म्हणायची.

आणि तरी होतं काय? तिकीट कापलं गेलं म्हणून नाराज झालेला, थोड्या मतांनी पडलेला, ज्याने माघार घेतली त्याचा भाऊ, अशांना शब्द दिलेला असतो. मग एका जागेवर दोघांना, तिघांना खूश करायचं म्हणून सव्वा-सव्वा वर्षाचे करार होतात. पहिला राजीनामा देतो, दुसरा येतो. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प वाचायला शिकायलाच माणसाला एक वर्ष लागतं. तो शिकून तयार होतो तेव्हा त्याच्या सत्काराचे हार वाळलेले असतात आणि पुढच्याचे फलक चौकात लागलेले असतात. नियमात डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशा जाणकारांचे प्रकार दिलेत, तसाच समाजकार्य करणाऱ्या संस्थेचा पदाधिकारी हाही एक प्रकार आहे. खरं काम करणाऱ्या संस्थेच्या माणसासाठी ती वाट ठेवलेली होती. आज कुठल्यातरी मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र जोडून कोणीही तिथून आत येतो, आणि प्रस्तावाला जोडलेला तो कागद कोणी उलगडूनही बघत नाही. हे बघून मला वाईट वाटतं. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता.

तू सांगितलेली दोन्ही नावं मी मनात तोलली. एक तो पोरगा, जो प्रचारात रात्रंदिवस राबला, ज्याने तुझे फलक लावले, बूथवर जेवणसुद्धा वेळेवर घेतलं नाही. दुसरे तुमच्या कॉलनीतले ते जीवन प्राधिकरणातून, म्हणजे सरकारच्या पाणी योजना करणाऱ्या खात्यातून, निवृत्त झालेले इंजिनिअर साहेब, ज्यांनी तुला मत दिलं की नाही हेही तुला खात्रीने सांगता येत नाही. माझं मत विचारशील तर साहेबांचं नाव दे. तुमच्या गावाला तापीवरून पाणी येतं, नदी भरून वाहत असते त्या दिवसांतही नळाला मात्र आठवड्यातून एकदाच. जॅकवेलपासून, म्हणजे नदीतून पाणी उचलणाऱ्या विहिरीपासून, टाकीपर्यंतच्या लाइनला गळती कुठे आहे, पंपाची क्षमता किती आणि प्रत्यक्ष तो उचलतो किती, निविदेतल्या पाइपचा दर्जा आणि खड्ड्यात उतरलेल्या पाइपचा दर्जा एकच आहे का, हे भर सभेत उठून विचारणारा माणूस तुम्हाला हवा. तो मतदान करणार नाही, पण त्याने विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला तर मुख्याधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागेल.

राबलेल्या पोराचं काय, असं तू म्हणशील. त्याचे कष्ट मी कमी लेखत नाही. त्याची दोन्ही मुलं नगरपरिषदेच्या शाळेत आहेत असं तूच सांगितलंस. मग त्याची जागा शाळा व्यवस्थापन समितीत आहे, आणि ती लहान जागा आहे असं समजू नकोस. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असं ठरवून दिलं. अध्यक्षही पालकांतूनच होतो. मात्र एक लक्षात ठेव, तिथे त्याला तू नेमायचं नाहीस. पालकसभा त्याला निवडेल. तू त्याला एवढंच सांग की सभा कधी आहे त्याची चौकशी कर, दुसऱ्या पालकांनाही घेऊन जा आणि उभा राहा. स्थानिक संस्थेचा प्रतिनिधी म्हणून एक जागा तुम्हा नगरसेवकांपैकी कुणाला मिळते, ती पालकांवर वजन टाकायला वापरू नकोस.

या समितीचं नाव निघालं की मला तुझी आईच आठवते. विकी जिल्हा परिषदेच्या शाळेत होता तेव्हा तिला पालकांनी घेतलं होतं. चौथीपर्यंत शिकलेली बाई. रजिस्टर समोर आलं की ती म्हणायची, "आधी वाचून दाखवा, मग सही." पहिल्यांदा गुरुजींना वाटलं बाई अविश्वास दाखवते. ती शांतपणे म्हणाली, मला भरभर वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवा म्हणते. त्या दिवसापासून त्या शाळेत इतिवृत्त मोठ्याने वाचायची पद्धत पडली, आणि एकदा मोठ्याने वाचायचं म्हटलं की लिहिणाराही जपून लिहितो. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आणि कडी बसली ती अशाच एका वाचनानंतर. आधीच्या कागदावर ते काम "पूर्ण" होतं.

आता तुझ्या स्वतःच्या समितीचं. मी खात्रीने सांगतो, तुझं नाव महिला व बालकल्याणला सुचवतील. तिची सभापती बाईच असते, तेव्हा नव्या नगरसेविकेला तिथे बसवून टाकणं सर्वांच्या सोयीचं असतं. ते काम हलकं नाही, अंगणवाड्यांची दशा तू पाहिलीच आहेस. पण बांधकाम आणि पाणीपुरवठा या समित्या पुरुषांनी आपसांत वाटून घ्यायच्या आणि बायकांनी शिलाई मशीनचं वाटप करायचं, ही वाटणी मला नोकरीभर खुपत राहिली. पाणी भरतं कोण? रात्री दोन वाजता नळ सुटला की उठतं कोण? तू पाणीपुरवठा व जलनिःसारण मागून घे. समितीच्या जागा गटाच्या संख्याबळावर ठरतात, नाव गटनेते देतात, आणि निवडीच्या सभेला प्रांत साहेब किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेला अधिकारी पीठासीन असतो. म्हणजे त्या दिवशी सभागृहात काही हलवता येत नाही. जे बोलायचं ते गटाच्या बैठकीत, आजच, आणि जमलं तर लेखी. सभापतीपद मिळालं नाही तरी सदस्यत्व सोडू नकोस. समित्यांची निवड दरवर्षी होते. एक वर्ष मन लावून काढलंस तर दुसऱ्या वर्षी तुला डावलणं अवघड जाईल.

समितीत गेलीस की पहिल्याच सभेत पंपहाऊसचं लॉगबुक आणि वीजबिलं माग. वॉलमन लोकांशी बोल, त्यांना गावातला प्रत्येक वॉल्व्ह आणि प्रत्येक चोरजोडणी ठाऊक असते. "आयत्या वेळचे विषय" या मथळ्याखाली काय येतं तिकडे डोळ्यांत तेल घालून बघ. जे विषय अजेंड्यावर लिहायला लोक कचरतात ते तिथून येतात. तुझा विरोध असेल तर तो नावानिशी इतिवृत्तात लिहायला लाव, नाहीतर "सर्वानुमते मंजूर" असं लिहिलं जातं आणि त्या सर्वांत तूही येतेस. बेकायदा ठराव झाला तर नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, पण तुझा विरोध कागदावर असेल तरच तुझ्या अर्जाला जोर राहील.

ज्या समित्यांकडे कोणी फिरकत नाही त्यांच्याकडेही लक्ष दे. वृक्ष प्राधिकरण घे. १९७५च्या कायद्याने नगरसेवकांबरोबर झाडांची जाण असलेल्या संस्थांचे प्रतिनिधी त्यात घेता येतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या वर जातो आणि रस्ता रुंदीकरणात पहिला बळी कडुनिंबाचा पडतो. त्या जागेवर ज्याने स्वतः झाडं जगवली आहेत असा माणूस सुचव, वाढदिवसाला खड्ड्यात रोप धरून फोटो काढणारा नको.

तसंच जैवविविधता व्यवस्थापन समितीचं. २००२चा कायदा आहे, पण वर्षानुवर्षं कोणी ती केली नाही. मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली आणि सगळीकडे धावपळीत ठराव झाले. आपल्या मूळ गावी मी एका शेतकऱ्याला सहज विचारलं, समिती काय काम करते? तो म्हणाला, "माले तं माहीतच नही भाऊ, मी कोनती समितीमा शे." कागदावर तो सदस्य होता. त्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते, म्हणजे गावातली वाणं, झाडं, जनावरं, औषधी यांची नोंद. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचं घरगुती बियाणं राखेत घोळून डब्यात जपणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना कुणी त्या समितीत बोलावलं आहे का? त्यांना बोलव. लिहायला कॉलेजची मुलं मिळतील.

सगळीकडे अंधार आहे असं मात्र मी म्हणत नाही. तुझे मामा धडगाव तालुक्यात ग्रामसेवक होते तेव्हा मी एकदा त्यांच्याबरोबर वनहक्क समितीच्या निवडीला गेलो होतो. २००६च्या कायद्याची ती समिती ग्रामसभा आपल्यातूनच निवडते, दहा ते पंधरा माणसं, त्यात किमान एकतृतीयांश बाया. डोंगरातले पाडे एकत्र बसले होते. नाव घेतलं की तो माणूस उभा राहायचा आणि लोक त्याच्या तोंडावर विचारायचे, तुला अमक्याच्या शेताची हद्द ठाऊक आहे का, मोजणीला चालत येशील का, त्याच्याशी तुझा वाद आहे मग त्याचा दावा नीट लिहिशील का. एकाने स्वतःहून नको म्हटलं, कारण मोजणीच्या दिवसांत तो ऊसतोडीला जाणार होता. बंद पाकिटातून नावं निघताना मी आयुष्यभर पाहिली, पण माणूस अशा रीतीने पारखून घेतलेला तिथेच पाहिला. तुमच्या नगरपरिषदेत ते तसंच्या तसं होणार नाही, तरी तू कुणाचंही नाव देण्याआधी हेच तीन प्रश्न विचार: कामाचं ठाऊक आहे का, सभेला येशील का, आणि तुझा कुठे हितसंबंध आहे का. नगरसेवकाचा ठेक्यात हितसंबंध निघाला तर त्याचं पद जाऊ शकतं. बाहेरून घेतलेल्या सदस्याला मात्र बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही, त्याचा साडू पाइप पुरवतो का म्हणून. तू विचार. राग आला तर येऊ दे.

आणखी एक. हातमजुरी करणाऱ्यांना, भाजी विकणाऱ्या बायांना समितीत घ्यायचं म्हणतेस, फार चांगलं आहे. पण सभा सकाळी अकराला ठेवलीस तर त्या येणार कशा? रोज बुडवून येणाऱ्याकडून दोनदा अपेक्षा करता येते, तिसऱ्यांदा नाही. मग शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्यांना फिरतो, आणि गैरहजर माणूस हजर होतो. सभा संध्याकाळी ठेवायला लाव. नोटीस व्हॉट्सॲपवर टाकून भागवू नका, ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना कुणीतरी प्रत्यक्ष सांगितलं पाहिजे.

चार वर्षं तुमच्या गावात प्रशासक होते. लोकांना तक्रार घेऊन कुणाच्या दारी जावं हेच कळत नव्हतं. त्यामुळे आता लोकांची तुमच्याकडे नजर आहे, आणि सुरुवातीच्या या नेमणुकांवरूनच ते तुमचा अंदाज बांधतील.

इंजिनिअर साहेबांकडे तू स्वतः जा, कार्यकर्त्याला पाठवू नकोस. पाच वर्षांसाठी विचारते आहे, सव्वा वर्षासाठी नाही, हे स्पष्ट सांग, आणि गटनेत्यांकडूनही तसा शब्द घे. साहेब हो म्हणाले तर संमती लेखी घे आणि त्यांच्या सेवेचे कागद प्रस्तावाला जोड, म्हणजे छाननीत कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही. ते नाही म्हणाले तर मला त्याच दिवशी फोन कर, दुसरं नाव शोधायला दोन दिवस तरी हातात हवेत.

जावईबापूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आई म्हणते, आखाजीला दोन दिवस आधीच ये, मांडे तेव्हाच करायचे आहेत. येताना समितीच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त घेऊन ये, आपण बसून वाचू.

तुझे,
नाना