‘नाजूक’ कोणाला म्हणता?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावरचा अमेरिकन फुटबॉलचा लेख वाचला. रात्री लिहायला बसले असते तर भाषा बिघडली असती, म्हणून आज लिहिते.

आपल्या लेखकांच्या मते या ‘मर्दानी’ खेळाला नियमांनी नाजूक करून टाकलं आणि २०२४ साली इथल्या व्यावसायिक लीगने, एनएफएलने, हिप-ड्रॉप टॅकलवर बंदी घालून तर त्यावर तुळशीपत्रच ठेवलं. त्यांनी तो टॅकल एकदा स्वतःवर करून घ्यावा. मागून कमरेला मिठी मारायची, गिरकी घेत आपले पाय सोडून द्यायचे आणि शंभर किलोचं धूड पळणाऱ्याच्या पोटरीवर आदळायचं. घोट्याचं काय होतं ते सांगायला डॉक्टर लागत नाही. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याला पायांची कैची घातली तर फाऊल देतात. म्हणून कबड्डी नाजूक झाली का?

आता १९७८. तेव्हापासून म्हणे ‘सुरक्षेचं खूळ’ शिरलं. मी १९७४ पासून पिट्सबर्गात राहते आणि बचावपटू मेल ब्लाउंट आमच्या स्टीलर्स संघाचा, तेव्हा एवढं तरी मला बोलू द्या. सहा फूट तीन इंचांचा हा गडी समोरच्या रिसीव्हरला, म्हणजे पास पकडणाऱ्याला, धावूच द्यायचा नाही, रेटत रेटत न्यायचा, आणि ते सगळं नियमात बसायचं. मग नियम आला: चेंडूच्या रेषेपासून पाच यार्डांपर्यंत काय रेटायचं ते रेटा, त्यापुढे हात लावायचा नाही. त्याच वर्षी क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्याला, राखणाऱ्या लाइनमनना हात लांब करून उघड्या पंजांनी अडवायची मुभा मिळाली. यात सुरक्षा कुठे दिसली? पास पोचायला हवे होते, गुण व्हायला हवे होते, एवढंच. आणि गंमत बघा, नियम ब्लाउंटच्या नावाने ओळखला गेला, पण त्यानंतरच्या लागोपाठ दोन सुपर बोलमध्ये (मोसमाच्या अंतिम सामन्यांत) सर्वोत्तम खेळाडू ठरला तो त्याच्याच संघातला क्वार्टरबॅक ब्रॅडशॉ, पास फेकून फेकून!

त्याच १९७८ च्या ऑगस्टमध्ये ओकलंडला मोसमाआधीच्या सामन्यात डॅरिल स्टिंगली पास पकडायला झेपावला आणि समोरच्या संघाचा जॅक टेटम त्याच्यावर आदळला. स्टिंगलीचं वय सव्वीस, आणि जन्मभराची चाकाची खुर्ची. पंचांनी फाऊलचा रुमालसुद्धा टाकला नाही, कारण धडक नियमात बसत होती. हे लेखात का नाही?

माझ्या थोरल्याची गोष्ट सांगते. १९८६, शुक्रवारची रात्र, शाळेचा सामना. (शाळेचं नाव लिहीत नाही.) हेल्मेटवर हेल्मेट आपटलं, हा आडवा. कोचने नाकाखाली कसलीशी बाटली धरली, बोटं मोजायला लावली आणि पुन्हा मैदानात धाडला. येताना गाडीत विचारतो, “आई, आपण जिंकलो का?” म्हटलं, हो. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. पुलावर पुन्हा तेच. मला वाटलं थट्टा करतोय, मी ओरडलेसुद्धा. घरी वरणभात वाढला तर ताटाकडे बघत म्हणाला, “सकाळी सकाळी भात कशाला?” रात्रीचे साडेदहा वाजले होते. सोमवारी तो परत सरावाला गेला. डबा मीच भरून दिला होता.

तेव्हा कोणाला काही कळत नव्हतं म्हणावं, तर आमच्याच स्टीलर्सचा लाइनमन माइक वेब्स्टर सतरा मोसम डोक्याने धडका देत खेळला आणि २००२ मध्ये पन्नाशीत गेला. त्या धडकांनी त्याच्या मेंदूत काय होऊन बसलं होतं, ते इथेच डॉ. बेनेट ओमालू यांनी तपासून दाखवलं. तरी डोकं खाली घालून धडकणाऱ्या कोणालाही दंड करायला २०१८ उजाडलं. पासच्या आड येणाऱ्या हातांची व्यवस्था मात्र चाळीस वर्षं आधीच झाली होती.

काही नियमांचा अतिरेक होतो, हे मान्य. त्याच २०१८ च्या मोसमात क्वार्टरबॅकच्या अंगावर आपलं वजन पडू दिलं म्हणून बचावपटू क्ले मॅथ्यूजवर रुमाल पडले, तेव्हा “मग त्याने काय हवेत तरंगायचं?” असं मीही टीव्हीकडे बघून ओरडले होते. पण त्यावरून खेळच नाजूक झाला म्हणायला, आपल्या लेखकांची मान कधी अवघडली तरी आहे का, कोण जाणे.

जाता जाता: लेखासोबत छापलेला फोटो रग्बीचा आहे. एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही! कदाचित आपल्या क्रीडा विभागाला तोच मर्दानी वाटला असेल. आणि ई-पेपरमधलं शब्दकोडं दिवाळीपासून उघडत नाही, त्याबद्दल दोन ईमेल पाठवली. त्यांचं उत्तर अजून यायचंय.

आपली,
एक जुनी वाचक
पिट्सबर्ग (मूळची सातारची)