ओट्यावरून आत या, साहेब

माननीय मंत्री महोदय, सादर नमस्कार.

काल कोतवालाने कागद आणून दिला. माझ्या नवऱ्याने आत्महत्या केली, त्याच्या सरकारी मदतीचं प्रकरण समितीने 'अपात्र' ठरवलं. सातबारा नावावर नाही, बँकेचं कर्ज नाही. चौदा वर्षं दुसऱ्याची पाच एकर मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं, केली, त्याचा सातबारा कुठून आणू? मक्तेदाराला बँक दारात उभं करत नाही. कर्ज होतं ते कृषी केंद्राच्या उधारीचं आणि गावातल्या सावकाराचं, ज्याच्याकडे परवाना नाही. पोरीने शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'शेती' लिहिलाय. सरकारला ते मान्य नाही.

तुम्ही आमच्या ओट्यावर बसला होतात. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "ताई, महिन्याभरात काम होईल." फोटो निघाले, साडी मिळाली. याला पाच महिने झाले. साडीची घडी मी अजून मोडली नाही.

तुम्हाला दया आली होती, मी नाकारत नाही. पण दया ओट्यावरूनच परत जाते. करुणा असती तर कुणी आत आलं असतं आणि खुंटीला टांगलेली त्यांची वही उघडून पाहिली असती. शेवटच्या पानावर कापसाचा हिशेब आहे. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 7,121, व्यापाऱ्याने दिले 6,600. खाली खताची उधारी, त्याखाली पोरीच्या चपला, आणि चपलांवर काट मारलेली. पंचनाम्याला आलेल्यांनी मला एवढंच विचारलं, "दारू पीत होते का?"

23 जानेवारी 2006 चा तुमचा शासन निर्णय मी वाचून घेतलाय. पात्र ठरलं तर एक लाख: 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. इतक्या वर्षांत बियाणं, खत, मजुरी सगळं वाढलं, हा लाख तेवढाच राहिला. 19 मार्च 1986 ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने बायकोपोरांसह जीव दिला, तेव्हापासून किती सरकारं आली! माणूस जिवंत असताना त्याच्या दारी कुणी येत नाही. मेल्यावर मात्र अख्खं खातं येतं, आणि तो शेतकरी होता की नाही ते तपासतं.

प्रकरण पुन्हा उघडा. मक्त्याने कसणाऱ्याची तलाठ्याकडे नोंद लावा. उधारीलाही कर्ज म्हणा.

मृग लागला की तीच पाच एकर मी मक्त्यानं करणार आहे. मालकाशी बोलणं झालंय, तोंडीच. माझंही नाव कुठल्या कागदावर नसेल.

आपली,
पश्चिम विदर्भातली एक शेतकरी बाई