अडकित्त्याचं चित्र

बर्लिन, 16 फेब्रुवारी

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

मायना लिहिताना सवयीने 'ती. सौ.' लिहून गेले. तो कागद बाजूला ठेवला, हा दुसरा घेतला. फोनवर आपण रोज बोलतो, पण जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, याच्यापुढे दोघीही सरकत नाही.

बाबांना वैकुंठात नेलं तेव्हा दादाने माझ्यासाठी व्हिडिओ कॉल लावला होता. त्याचा हात इतका थरथरत होता की मला बराच वेळ नुसती ओली फरशी आणि लोकांचे पाय दिसत होते. त्यानंतर तीन महिने मला रडू आलं नाही. ऑफिस, भाजी, कपडे, सगळं वेळच्या वेळी.

नोव्हेंबरात एके दिवशी कोळशाच्या कांड्या आणि जाड कागद घेऊन आले. शाळेतल्या इंटरमिजिएटनंतर हातात काही धरलं नव्हतं. बाबांचा चेहरा काढायला गेले, तर भिंतीवरच्या फोटोची नक्कल व्हायला लागली. मग त्यांचा अडकित्ता काढला. दोन दांड्या, मधला खिळा, वरचं पातं. जेवण झाल्यावर खिडकीपाशी बसून सुपारी कातरायचे, तो कट् कट् आवाज कानात होताच. पातं दाबायला अंगठा हवा म्हणून अंगठा काढला, अंगठ्याला तळवा हवा. कोळसा बोटाने पसरवताना त्यांच्या नखावरची ती उभी रेघ आपोआप उमटली. आई, ती रेघ मला आठवते हेच मला माहीत नव्हतं. तेव्हा रडले. दोन्ही हात काळे, तोंड काळं, तशीच बसून होते.

मग रोज रात्री तोच हात काढत गेले. एकदा इतकं दाबलं की कागद फाटला. तेव्हा कळलं की मला राग आलाय. तुमचा. बाबांचं दुखणं दोन महिने माझ्यापासून लपवलंत, 'तिकडे तिला कशाला घोर' म्हणून. हे फोनवर बोलले असते तर आपण भांडलो असतो आणि तू रात्रभर जागी राहिली असतीस. फाटलेला कागद मी भिंतीला लावला. पुष्कळ दिवस बघितल्यावर आता तुला सांगता येतंय.

इथे केथे कोलविट्झ म्हणून एक चित्रकर्ती, शिल्पकार होऊन गेली. तिचा पीटर 1914 मध्ये, अठराव्या वर्षी युद्धात गेला. वय लहान म्हणून वडिलांची परवानगी लागत होती. ते नको म्हणत होते, तिनेच त्यांचं मन वळवलं होतं. त्याच्या स्मारकासाठी तिने आई-बापाच्या गुडघे टेकलेल्या दोन मूर्ती घडवल्या. दोघं शेजारी, पण जो तो आपापल्या दुःखात. ते काम पुरं व्हायला 1932 उजाडलं. अठरा वर्षं! मृत मुलाला कुशीत घेतलेल्या आईचं तिचं एक शिल्प इथल्या स्मारकात मोठं करून ठेवलंय. वर छताला गोल भोक आहे, ऊन-पाऊस सरळ तिच्या अंगावर. परवा गेले तेव्हा तिच्या खांद्यावर बर्फ साचला होता. मला तुझ्या खांद्यावर शाल टाकावीशी वाटली.

तिथून येताना केळकर म्युझियम आठवलं. बाबा सुट्टीत न्यायचे. 'राजा केळकर' म्हणजे कुणीतरी खराखुरा राजा असणार असं मला वाटायचं. राजा हा दिनकर केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा, हे बाबांनीच सांगितलं होतं, अडकित्त्यांच्या कपाटासमोर. दिवे, वज्री, अडकित्ते, लोकांच्या घरातल्या रोजच्या वस्तू त्या माणसाने आयुष्यभर गोळा केल्या आणि सगळ्याला मुलाचं नाव दिलं. बाबा त्या कपाटापाशी नेहमी जास्त वेळ थांबायचे.

दादा म्हणाला, तू अजून दारात रांगोळी काढत नाहीस. काढ असं मी म्हणणार नाही. पण माझं एक काम कर. अडकित्त्याच्या एका दांडीला बाबांनी तार गुंडाळली होती. ती वरच्या की खालच्या, मला आठवत नाही, आणि तिथेच माझं चित्र अडलंय. दादाला फोटो काढायला सांगू नकोस. तू अडकित्ता समोर ठेव आणि पेन्सिलीने काढून पाठव. वहीचा कागद चालेल, दुमडलेला चालेल.

तुझी,
मनू