मांडवातून पळणारी नवरी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लघुपटाचा मसुदा वाचला. नवरी पहिल्याच प्रसंगात ‘मला हे लग्न करायचं नाही’ म्हणून मोकळी होते. मग पुढची 18 मिनिटं बघणाऱ्याने कशाची वाट बघायची? पुढचा हात फिरवण्याआधी फ्रँक काप्राचा 1934 चा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ पुन्हा बघ, या वेळी वही घेऊन. ‘चोरी चोरी’ (1956) त्याच कथेवरचा आहे, पण तो नंतर.

त्यातली नायिका एली दोनदा पळते. मायामीत बापाच्या बोटीवरून उडी मारते ती नवऱ्याकडे जायला. गुपचूप लग्न झालेलं असतं आणि बापाला ते मोडायचं असतं. शेवटी त्याच नवऱ्याशी, बापाच्या संमतीने, थाटात लग्न लागायला येतं, तेव्हा ती भर समारंभातून पळते. नवरा तोच. मधल्या बसच्या प्रवासात बदलली ती. नकार असा पिकत जावा लागतो गं.

गाजरावर लक्ष ठेव. गवतात रात्र काढायची वेळ येते, बसमध्ये भेटलेला पत्रकार पीटर कच्ची गाजरं आणतो, पोटात कावळे ओरडत असूनही ती नाक मुरडते. पुढे गाडीत बसल्यावर मुकाट्याने गाजर खाते. प्रेमाची कबुली तिथेच झाली.

दोरी आणि ब्लँकेटचं तर पाठांतरच कर. वाटेतल्या मुक्कामी खोली एक, पलंग दोन. पीटर मधोमध दोरी बांधून ब्लँकेट टाकतो आणि त्याला जेरिकोची भिंत म्हणतो. बायबलमधली ती भिंत तुताऱ्यांच्या आवाजाने कोसळते. शेवटच्या प्रसंगात दोघं दिसतच नाहीत. बाहेर मुक्कामाच्या खोल्यांचा मालक आणि त्याची बायको, या जोडप्याला दोरी, ब्लँकेट आणि खेळण्यातली तुतारी कशाला हवी होती म्हणून कोड्यात पडलेले. आतून तुतारी वाजते, ब्लँकेट खाली पडतं, दिवा जातो. तुझ्या शेवटातली मिठी काढून टाक.

गैरसमजात बहुतेकांची कथा फसते, तुझीही तिथेच फसली आहे. पीटर रात्री तिला झोपलेली सोडून जातो, कारण मागणी घालायला खिशात काहीतरी हवं, म्हणून त्या दोघांची बातमी 1,000 डॉलरला विकायची असते. हे आपल्याला ठाऊक असतं, तिला नसतं. म्हणून जीव टांगणीला लागतो. तुझ्याकडे फोन लागत नाही एवढंच कारण आहे. त्यात कुणाचा स्वभाव नाही, त्यामुळे ते ओढूनताणून आणलेलं वाटतं.

आणि बाप. लेक शोधून देणाऱ्याला बक्षीस 10,000 डॉलरचं, पीटर मागतो फक्त खर्चाचे 39 डॉलर 60 सेंट. त्या आकड्यावरून बापाला माणूस कळतो. मग लेकीचा हात धरून वेदीकडे चालता चालता तो तिच्या कानात सगळं सांगतो, बाहेर गाडी उभी आहे हेसुद्धा. चेहरे समोर, पावलं संथ, पाहुणे बघताहेत, आणि ही कुजबुज! पुढे ती धावत सुटते, मागे डोक्यावरची लांब जाळीदार ओढणी हिरवळीवर फरफटत जाते. तुझा बाप नुसता दार अडवून उभा आहे. त्यालाही असं एखादं वाक्य दे, हळू आवाजातलं.

रविवारपर्यंत नवा मसुदा पाठव. 20 पानांच्या वर जाऊ नकोस.

तुझा,
बाबा